गाढवाच्या बाकावरची गेशे

मी एक जुनं लाकडी गाढव आहे, आणि या गावात मी जितक्यांना लॅटिन शिकवलं तितक्यांना एकाही मास्तराने शिकवलं नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो. आजवर कोणाचाच बसलेला नाही. ज्या गोष्टीवर चटकन विश्वास बसतो ती ऐकायला तरी कोण थांबतं? बाहेर गारा पडताहेत म्हणून तुम्ही या लाकडाच्या खोपीत शिरलात, हे मला ठाऊक आहे. गारा थांबल्या की पळाल. तोवर ऐका. आणि दाराशी सलगम सोलत बसलेली तू, तूही ऐक. हात चालू राहू दे, कान इकडे दे.

तसं मी अख्खं गाढव नाही. नुसतं मुंडकं. एक कान शाबूत, दुसरा उंदरांनी खाल्लेला. नाकावर पूर्वी रंग होता. आता या खिळ्यावर लटकतो आणि खालचे ओंडके मोजतो. पण माझा जन्म संताच्या घराण्यातला आहे. हसू नका. हार्टविग नावाचा एक मूर्तिकार होता. त्याला चर्चच्या उजव्या कोनाड्यासाठी एक संत घडवायचा होता, म्हणून त्याने लिंडनचं झाड पाडलं. ते झाड एवढं मोठं होतं की त्याच्या सावलीत दोन बाजार भरत आणि इकडच्या बाजारातला भाव तिकडच्या बाजाराला कळत नसे. त्या झाडाच्या गाभ्यातला मी. आधी पाय झाले, झगा झाला, आशीर्वादाचा हात झाला. डोक्यापाशी आल्यावर लाकडात दोन गाठी निघाल्या, बरोबर कानांच्या जागी. हार्टविगने छिन्नी पाजळली, पुन्हा पाजळली, गाठी काही हलेनात. शेवटी तो वैतागून म्हणाला, "संत व्हायचं नसेल तर तुला जे व्हायचंय ते हो बाबा." मग मी झालो. माझं मुंडकं कापून त्या धडावर दुसरं बसवलं. ते धड अजून चर्चमध्ये उभं आहे. लोक त्याच्या पायाशी मेणबत्त्या लावतात. पायांपासून खांद्यापर्यंत माझी पूजा होते, त्याच्या वरचा भाग मात्र इथे लाकडांच्या खोपीत आहे.

मला विकत घेतलं मास्तर फोल्कमार यांनी. ही खोप ज्या इमारतीच्या मागे आहे ना, तीच त्यांची शाळा. मास्तर उंच, वाळलेले, आणि त्यांचं लॅटिन फार कडक. शाळेच्या धुराड्यावर दरवर्षी घरटं करणारा एक करकोचा होता. एका वसंतात तो आला, खिडकीतून येणारी क्रियापदं त्याने ऐकली, आणि काड्या उचलून शेजारच्या गावी गेला. तेव्हापासून आपल्या गावात करकोचा नाही. बघा हवं तर.

मास्तरांनी माझ्या मानेला भोक पाडलं, दोरी ओवली आणि मला कामाला लावलं. काम असं होतं. शाळेच्या उंबऱ्याच्या आत घरची बोली बोलायची नाही, फक्त लॅटिन. जो घरच्या बोलीत बोलेल त्याच्या गळ्यात मी. मी गळ्यात आलो की दारालगतच्या बाकावर जाऊन बसायचं. तिथे वाऱ्याचा झोत थेट पाठीवर यायचा. त्याला गाढवाचं बाक म्हणत. बसल्या जागेवरून कान टवकारायचे, आणि दुसरं कोणी घरच्या बोलीत बोलताना सापडलं की त्याच्याकडे बोट दाखवून लॅटिनमध्ये म्हणायचं, "घे गाढव." मग मी त्याच्या गळ्यात. संध्याकाळी घंटा झाली की मी ज्याच्या गळ्यात असेन त्याला छडी, आणि सकाळी मी पुन्हा त्याच्याच गळ्यात. पकडायचा हक्क फक्त त्या एकालाच. मास्तर स्वतः कधी कोणाला पकडत नसत.

त्यातच त्यांची हुशारी होती, मित्रांनो. त्यांना काही करावंच लागत नसे. पोरंच एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची. शेजारच्याची बोटं दारात चिरडली की तो आपसूक "आई गं" म्हणतो. ही युक्ती पोरांना कोणी शिकवली नव्हती. ती मी शिकवली, नुसतं लटकून. एकदा एका पोराच्या बाहीला चुलीची ठिणगी लागली. लॅटिनमध्ये पाण्याला काय म्हणतात हे त्याला येत होतं, पण पाणी हवं असताना कोणती विभक्ती लावायची यावर तो अडला. तो तसाच उभा राहिला, ओठ हलवत, बाही कोपरापर्यंत जळेस्तोवर. शेवटी विभक्ती बरोबर लावली हं त्याने. मास्तरांनी मान डोलावली.

वर्षातून एकदा चर्चकडून शाळा तपासायला अधिकारी येई. त्याच्या आदल्या दिवशी मला जवसाचं तेल लावून पुसत. मास्तर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणत, "मुलं स्वतःच स्वतःवर पाळत ठेवतात. मी फक्त एक लाकूड आणलं." अधिकारी खूश होई. मीही खूश होई. मला तरी काय, कपाळावरून हात फिरला की पुरे.

आता ही शाळा कोणाची होती ते ऐका. आत बसायला मुलगा असावं लागे. बापाने फी भरावी लागे. थंडीत रोज चुलीसाठी एक ओंडका आणावा लागे. आणि तटाबाहेरच्या कुळाचं पोर असेल तर जमीनदाराची परवानगी लागे. ती तो देत नसे, कारण पोर शिकलं तर पाद्री होणार, आणि पाद्री नांगर धरत नाही. राहिल्या मुली. त्यांच्यासाठी नियमसुद्धा नव्हता. ज्या गोष्टीचा विचारच कोणाच्या मनात येत नाही, तिच्याविरुद्ध नियम कशाला करतील?

मुलींसाठी गावात एकच जागा होती, टालेकेकाकूंचं मागचं घर. काकू विधवा, मेणबत्त्या ओतून पोट भरायच्या. त्यांना लॅटिन येत नव्हतं, पण घरच्या बोलीतलं वाचता येत होतं, आणि तेवढं त्या शिकवत. टेबलावर वाळलेल्या वाटाण्यांची अक्षरं मांडायची, बोटाने गिरवायची, नीट जमलं की तेच वाटाणे दुपारच्या सूपमध्ये. गावातल्या कितीतरी मुलींनी अक्षरं अशी पोटात घातली. मग मास्तर फोल्कमारांनी नगरसभेत तक्रार केली की गावात परवान्याशिवाय अक्षरं शिकवली जाताहेत. तक्रार खरीच होती. नगरसभेची माणसं आली आणि काकूंचं टेबल उचलून घेऊन गेली. त्या दिवशीचं अक्षर अर्धं मांडून झालं होतं. वाटाणे जमिनीवर सांडले, ते कोंबड्यांनी टिपले.

ते अर्धं अक्षर जी मांडत होती ती गेशे. डेटमार दोरवाल्याची मुलगी, चौदा वर्षांची, हातांना सदा तागाचा वास. तिच्या पदरात जेमतेम एम पर्यंतची अक्षरं पडली होती. तुम्हाला वाटेल, काही नसण्यापेक्षा अर्धी बरी. तसं नाही. ज्याला एकही अक्षर येत नाही तो भिंतीवरच्या लिखाणाकडे भिंतीसारखाच बघतो आणि पुढे जातो. गेशेला पुढे जाता येईना. पिंपांवरचे छाप, दुकानांच्या पाट्या, कबरींचे दगड, सगळीकडे दोन अक्षरं बोलायची आणि तिसरं तोंड मिटून बसायचं. चर्चच्या दारावर देवाच्या आईचं नाव कोरलं होतं. तेही तिला पूर्ण लागेना. मधलं एक अक्षर अडायचं.

आता ती माझ्या गळ्यात, म्हणजे मी तिच्या गळ्यात, कसा आलो ते ऐका.

भर थंडीतली सकाळ. गेशेचा धाकटा भाऊ आर्नट शाळेत होता. तो त्या दिवशी ओंडका विसरला. ती ओंडका घेऊन धावत आली आणि उंबरा ओलांडून सरळ आत.

"आर्नट्या, ओंडका विसरलास," ती म्हणाली. "आता मास्तर तुलाच चुलीत घालतील."

पोरं खदखदली आणि एकदम गप्प झाली. घरची बोली, उंबऱ्याच्या आत. मास्तर खुर्चीतून उठले. त्यांना गंमत सुचली होती. मास्तरांना गंमत क्वचित सुचे आणि सुचली की ती दुसऱ्याच्या अंगाशी येई. एक पोर तेव्हा माझ्यासकट गाढवाच्या बाकावर बसलं होतं. मास्तरांनी बोटाने खूण केली. पोराने गेशेकडे बोट दाखवून दोन लॅटिन शब्द म्हटले आणि मला तिच्या गळ्यात घातलं. आता पोरांनी मोकळेपणाने हसून घेतलं, कारण हसायला कोणती बोली लागत नाही.

मास्तरांची अपेक्षा अशी की पोरगी रडेल, मला भिरकावेल आणि पळेल. पण शाळेचा नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता, आणि गेशे तर रोज तो भावाकडून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे दुसरा कोणी सापडेपर्यंत मी इथेच बसायचं ना?" आणि बाकावर जाऊन बसली. पाठ ताठ. माझी दोरी नीट केली.

मास्तर खुर्चीत परत बसले. काय म्हणणार? त्यांनीच घालायला लावलं होतं.

पुढच्या बाकावर चिमुरडी पोरं बसत. मास्तर त्यांना सावकाश, पाटीवर एकेक अक्षर काढून दाखवत. ए पासून झेड पर्यंत, वर्षभर, पुन्हा पुन्हा. त्या दिवशी पाटीवर एन होता. गेशेची छाती माझ्या पाठीमागे धडधडत होती ती मला लाकडातून ऐकू येत होती. तिने नखाने माझ्या हनुवटीखाली तो एन कोरला. मला गुदगुल्या झाल्या. खोटं सांगत नाही, मी शिंकलो. पोरांना वाटलं बाक करकरलं.

संध्याकाळी घंटा झाली. तिने तळहात पुढे केला. मास्तरांनी छडी मारली, हलकी नव्हे. मला काढून खिळ्याला लावलं आणि दाराकडे बोट केलं, म्हणजे जा आता. ती दारात थांबून म्हणाली, "सकाळी पुन्हा माझ्याच गळ्यात ना? नियम तसाच आहे." आणि सकाळी घंटेच्या आधी येऊन माझ्या खिळ्याखाली उभी राहिली. बरोबर एक ओंडका. स्वतःचा.

तेव्हापासून या शाळेत जे झालं ते जगात कुठल्या शाळेत झालं नसेल. पकडायचा हक्क गेशेला, आणि गेशेला कोणाला पकडायचंच नव्हतं. ज्या घटकेला ती बोट दाखवेल त्या घटकेला तिचं शाळेत बसणं संपलं. आधी पोरांच्या हे ध्यानात आलं नाही. मग एकाच्या पायावर पाटी पडली, तो घरच्या बोलीत चांगलाच बोंबलला, आणि गेशे खिडकीबाहेर बघत राहिली. त्या सुट्टीत पोरं वर्गातच बोलायला लागली. आधी कुजबुजत, मग नेहमीच्या आवाजात. पोरांना एकमेकांशी बोलण्यासारखं इतकं आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्या गळ्यात होतो.

गिरणीवाल्याचा योर्डन, आडवातिडवा वाढलेला मुलगा, एकदा तिच्या बाकाशी आला.

"ए गेशे, तुला कळतं तरी का इथलं काही?"

"पुढच्या चिमुरड्यांचं कळतं. तुम्हा मोठ्यांचं नाही. तुम्हाला कळतं?"

"नाही."

"मग झालं तर."

"अगं, रोज मार खातेस. माझ्याकडे बोट दाखव की. मी आत्ता बोलतोयच."

"तू बोलतोयस होय? मला वाटलं तुझ्या बापाच्या गिरणीचं चाक करकरतंय."

योर्डन हसला. दुसऱ्या दिवशी त्याने भेंडोळी करून आणलेल्या लोकरीच्या चिंध्या गुपचूप तिला दिल्या, छडी खायच्या आधी बाहीत सरकवायला. तिने घेतल्या नाहीत. म्हणाली, "बाहीवर कुठे मारतात ते? आणि मास्तरांना कळलं तर ते छडी बंद करतील आणि मलाही."

मास्तर कोंडीत सापडले होते. नियम त्यांचाच, भिंतीवर लॅटिनमध्ये लिहून टांगलेला. एका पोरीसाठी तो मोडला तर उद्या पोरं तोच मोडणार, आणि तपासनीस आला की त्याला काय सांगायचं? पोरीला हाकलायचं तर आत बसवलं कोणी, हा प्रश्न. मग त्यांनी उलटाच उपाय काढला. मोठ्या वर्गातल्या एकाला उभं करून लॅटिनमध्ये हुकूम सोडला की घरच्या बोलीत काहीतरी बोल. पोरगं बावचळलं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तर त्याला आईच्या भाषेत बोलायला सांगत होते. तो मोठ्याने म्हणाला, "आज फार थंडी आहे."

गेशे पाटीकडे बघत होती.

"आणि घरी सलगमाची भाजी आहे," तो म्हणाला. मास्तरांनी अजून बोल अशी खूण केली. "ती मला आवडत नाही."

"कोणी काही बोललं का?" गेशेने विचारलं. गाढवाच्या बाकावरच्याला बोलायची मोकळीक असे. त्याच्या गळ्यात आणखी गाढव कोण घालणार? "वाऱ्यामुळे या बाकावर ऐकू येत नाही, मास्तर. बाक आत घेतलंत तर येईल."

अशी थंडी सरत गेली. ओ झाला, पी झाला, क्यू झाला. माझी हनुवटी भरली, मग तिने मानेवर कोरायला सुरुवात केली. ज्या दिवशी पाटीवर आर आला त्या दिवशी संध्याकाळी छडी खाऊन ती चर्चच्या दाराशी गेली म्हणे. आर्नटने योर्डनला सांगितलं. दार बंद होतं, बर्फ पडत होता, आणि ती देवाच्या आईच्या नावावर बोट ठेवून उभी होती. पाचही अक्षरं बोलली. तिने तेच नाव इतक्यांदा वाचलं की दारावरचा बर्फ वितळून नाव ओलं झालं आणि रात्रीतून पुन्हा गोठलं. सकाळी प्रार्थनेला आलेल्यांना ते काचेत बसवल्यासारखं दिसलं. यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. बाकीच्यावर ठेवा.

पण गाव गप्प बसत नाही. बाजारात पोरी तिला गाढवीण म्हणायला लागल्या. डेटमार दोरवाल्याकडे पिंपवाल्यांच्या घरून गेशेसाठी लग्नाची विचारणा चालली होती, ती थांबली. घरी काय झालं ते आर्नट दुसऱ्या दिवशी योर्डनला सांगत होता. त्याचा आवाज फाटत होता.

"तू माझी मुलगी आहेस की गावाची गंमत?" बाप म्हणाला होता.

"बाबा, आता थोडीच अक्षरं राहिलीत."

"काय करायचीत अक्षरं? दोराला पीळ द्यायला अक्षरं लागतात?"

"मग आर्नटला का लागतात?"

"आर्नट पाद्री होणार आहे."

"आर्नटला पाद्री व्हायचं नाहीये, बाबा. विचारा त्याला."

"विचारलं त्यांनी?" योर्डनने विचारलं.

"नाही," आर्नट म्हणाला. "मला म्हणाले, उद्या तू तिच्या तोंडावर घरच्या बोलीत बोल. सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं. म्हणजे तिला बोट दाखवावंच लागेल. मी दाराबाहेर उभा राहतो, म्हणाले."

दुसऱ्या दिवशी पाटीवर टी होता. मास्तरांनी तो काढला, चिमुरड्यांनी तो म्हटला. उंबऱ्याच्या बाहेर डेटमार उभा होता. हातात टोपी, दाढीत दोराचे तंतू. आत कोणी हलत नव्हतं. आर्नट जागेवरून उठला आणि गाढवाच्या बाकापाशी येऊन उभा राहिला.

"गेशे, घरी चल."

ती माझ्या मानेवर टीची आडवी रेघ ओढत होती.

"गेशे, ऐकतेस ना? बाबा आलेत."

मास्तर वाट बघत होते. सगळी शाळा वाट बघत होती. मीसुद्धा.

"ताई," आर्नट म्हणाला, आणि आता तो दुसऱ्या कोणाला ऐकू जाईल असं बोलत नव्हता, फक्त तिला आणि मला. "दाखव ना बोट. छडी मी खातो. रोज खातो. तू घरी चल, नाहीतर बाबा आत येतील."

"आर्नट, तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "हे एवढं पुसेपर्यंत थांब. मग पुढचं लिहितील. आता खरंच थोडीच राहिलीत."

आता पुढचं ऐका, मित्रांनो. पुढचंच खरं ऐकण्यासारखं आहे. मास्तर फोल्कमार खुर्चीतून उठले. चेहरा उकडलेल्या बिटासारखा लाल. इतक्या वर्षांचं लॅटिन त्यांच्या घशाशी आलं आणि तिथेच अडकलं, आणि त्याच्या खालून वर आली ती त्यांच्या आईची भाषा. "चालती हो इथून," ते ओरडले. घरच्या बोलीत. उंबऱ्याच्या आत.

गेशे उठली. सावकाश बोट उचललं आणि शुद्ध लॅटिनमध्ये म्हणाली, "घे गाढव." मला गळ्यातून काढलं आणि मास्तरांच्या गळ्यात घातलं. पोरांनी अशी आरोळी ठोकली की छताचा गिलावा पडला आणि तपासनिसाचा घोडा तीन गावं पलीकडे उधळला. डेटमार दारात उभा राहून हसत होता. हसता हसता त्याने टोपी हवेत उडवली. आणि मास्तर रडले. खरंच रडले. म्हणाले, "माझी आईसुद्धा हेच बोलायची." मग त्यांनी गेशेला पुढच्या बाकावर नेऊन बसवलं, चुलीजवळ. नगरसभेने टालेकेकाकूंचं टेबल परत दिलं, वर नवीन पाय लावून. गेशे झेड पर्यंत गेली, मग लॅटिनही शिकली, मग तिने स्वतःची शाळा काढली. आज या गावात वाचता येणारी प्रत्येक बाई तिची शिष्या आहे. मला फुलांची माळ घालून चर्चमध्ये मिरवलं, माझ्या धडाच्या शेजारून. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या वस्तू टाकून देऊ नका. त्यांना तेल लावा, त्यांचं ऐका. आणि शिकायला आलेल्या कोणालाही कधी दारातून...

"खोटं आहे हे."

दाराशी बसलेली ती बोलली. सलगम तिच्या हातात अर्धं सोललेलं होतं.

"खोटं काय आहे यात?" मी विचारलं. "करकोच्याचं म्हणत असशील तर..."

"करकोच्याचं नाही. गेशे माझी आजी आहे."

बाकीची पोरं तिच्याकडे बघायला लागली. गारा थांबल्या होत्या, पण कोणी उठलं नाही.

"मास्तर काहीच बोलले नाहीत," ती म्हणाली. "ते पाटीकडे तोंड करून उभे राहिले. पणजोबा आत आले आणि त्यांनी सुरीने तुझी दोरी कापली. ती बघ, तिथे गाठ मारली आहे. मग तिला हाताला धरून घेऊन गेले. आर्नटआजोबांनी सांगितलंय मला. ती नाही सांगत."

"पण नंतर ती वाचायला लागली असेल," मी म्हणालो. "एवढी अक्षरं येत होती तिला. माझ्या मानेवर आहेत."

"तिला विचारलं तर म्हणते, मला कशाला हवंय ते. लग्नात आजोबांनी दिलेलं एक प्रार्थनेचं पुस्तक आहे तिच्याकडे. रविवारी चर्चमध्ये ते उघडून मांडीवर धरते. मी शेजारी बसते ना, मला दिसतं. पलीकडच्या बाईंनी पान उलटलं की ती उलटते."